शुक्राणूंचं क्रोमॅटिन रंगवून कसं तपासायचं: प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी

वीर्यतपासणीचा रिपोर्ट समोर असतो. संख्या बरी, हालचाल बरी, आकारही ठीक. पण लग्नाला सहा वर्षं झालेली असतात आणि दोनदा राहिलेले दिवस दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच गेलेले असतात. अशा वेळी डॉक्टर चिठ्ठीवर ‘स्पर्म क्रोमॅटिन’ एवढीच एक ओळ वाढवतात आणि ती चिठ्ठी तुमच्या टेबलावर येते. क्रोमॅटिन म्हणजे डीएनए आणि त्याला गुंडाळून ठेवणारी प्रथिनं, दोन्ही मिळून.

माझ्याकडे अशी पहिली चिठ्ठी आली तेव्हा मी फोंड्याजवळच्या एका लहान प्रयोगशाळेत लागून जेमतेम चार महिने झाले होते. हाताशी निळ्या पुडीची एक बाटली होती, कृतीचा झेरॉक्स केलेला एक कागद होता, आणि विचारावं असं कुणी नव्हतं. त्या कागदावर ‘पाच मिनिटं रंगवा’ असं होतं. कशासाठी रंगवा, रंग चढला तर काय समजायचं, नाही चढला तर काय, हे कुठेच नव्हतं. पुढची दोन वर्षं ठेचा खात जे कळलं ते इथे लिहिते आहे.

आता गोव्यात या चाचण्यांची विचारणा वाढली आहे. २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात आयव्हीएफचे उपचार मोफत सुरू झाले. खर्चाकडे बघून जी जोडपी आधी विषयच काढत नसत, ती आता चौकशीला येतात. म्हणजे तुमच्यासमोरही ही चिठ्ठी येणारच.

१. कुठला रंग काय विचारतो, ते आधी पक्कं करा

हे कळलं नाही तर पुढची कृती कितीही नेटकी केली तरी रिपोर्ट चुकतो. म्हणून इथे थोडं थांबते.

शरीरातल्या साध्या पेशीत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. शुक्राणू तयार होताना त्यातले बहुतेक हिस्टोन काढले जातात आणि त्यांच्या जागी प्रोटॅमिन येतात. माणसाच्या शुक्राणूत शेवटी साधारण ५ ते १५ टक्केच हिस्टोन उरतात. प्रोटॅमिन लहान असतात आणि आर्जिनिन, सिस्टीनने भरलेले असतात. शुक्राणू एपिडिडिमिसमधून, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या वेटोळ्या नळीतून, पुढे सरकताना या सिस्टीनमध्ये गंधकाचे दुवे जुळतात आणि सगळं गाठोडं आवळलं जातं.

रापणीचं जाळं होडीत कसं भरतात ते पाहिलं असेल तर हे लगेच समजेल. घडीवर घडी बसलेलं जाळं थोड्या जागेत मावतं, कुठे अडकत नाही, फाटत नाही. तेच घाईत कोंबलं तर फुगतं आणि कुठेतरी गळाला लागून उसवतं. शुक्राणूच्या डोक्यात प्रोटॅमिन नीट बसले नाहीत तर डीएनए उघडा पडतो आणि ऑक्सिडेशनच्या माऱ्याला बळी पडतो.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. घडी नीट बसली आहे का, हा एक. धागा कुठे तुटला आहे का, हा दुसरा. घडी सैल असून धागा शाबूत असू शकतो, घडी चांगली असून धागा तुटलेला असू शकतो. रंगही याच दोन प्रश्नांत वाटलेले आहेत.

ॲनिलिन ब्लू हा आम्लधर्मी रंग आहे. हिस्टोनमध्ये लायसिन भरपूर असतं, त्याला तो धरतो. डोकं गडद निळं दिसलं तर हिस्टोन जास्त उरलेत, म्हणजे घडी कच्ची आहे. हा रंग तुटलेल्या धाग्याबद्दल काहीच सांगत नाही.

क्रोमोमायसिन ए३ हा चमकणारा रंग डीएनएच्या ज्या खाचेत बसतो ती जागा प्रोटॅमिन अडवतात. प्रोटॅमिन कमी असले की रंगाला जागा मिळते आणि डोकं झळझळीत पिवळं दिसतं. हाही प्रश्न घडीचाच.

टोल्युइडिन ब्लू आम्लारिधर्मी आहे, तो डीएनएच्या फॉस्फेटला चिकटतो. घट्ट गाठोड्यात त्याला शिरकाव कमी, म्हणून डोकं फिकट निळं राहतं. सैल किंवा तुटलेल्या भागात त्याचे रेणू एकमेकांवर रचले जातात आणि रंग निळ्याचा जांभळा होतो. घडी आणि धागा, दोन्हींची खबर यात मिसळून येते.

ॲक्रिडिन ऑरेंज धाग्याकडे बघतो. आम्लाचा झटका दिल्यावर डीएनएचे दोन पदर एकत्र राहिले तर हिरवं, सुटे झाले तर लालसर-नारिंगी. हाच रंग वापरून इव्हेन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये फ्लो सायटोमीटरवरची (पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावरची) पद्धत मांडली. तिच्यातूनच पुढे डीएफआय (डीएनए फ्रॅगमेंटेशन इंडेक्स, म्हणजे तुटलेल्या डीएनएच्या शुक्राणूंची टक्केवारी) नावाचा आकडा आला, जो आज प्रत्येक डॉक्टरच्या तोंडी आहे.

हे चार परिच्छेद हाताने वहीत उतरवून टेबलासमोर चिकटवा. मी अजून चिकटवते.

२. नमुना घेण्याआधी माणसाशी बोला

रंगाच्या बहुतेक चुका रंगापर्यंत पोचण्याआधीच झालेल्या असतात. फॉर्मवर नाव, वय आणि डॉक्टरचं नाव यापलीकडे पुढच्या गोष्टी नोंदवल्याशिवाय डबी हातात देऊ नका:

– शेवटच्या स्खलनाला किती दिवस झाले (२ ते ७ दिवस हवेत, आणि नेमका आकडा लिहा)
– गेल्या तीन महिन्यांत ताप, डेंग्यू, मोठं आजारपण, शस्त्रक्रिया
– तंबाखू, दारू, चालू औषधं
– कामाची जागा
– नमुना कुठे दिला, किती वाजता दिला, पूर्ण दिला की काही सांडलं
– पत्नीच्या गर्भपातांची माहिती, डॉक्टरच्या चिठ्ठीवरून

कामाची जागा हा रकाना मी नंतर वाढवला. पहाटेपासून भट्टीसमोर उभा राहणारा पोदेर (पाव भाजणारा), काजूच्या हंगामात दारूच्या भट्टीवर बसणारा माणूस, जहाजाच्या इंजिनरूममधला तारवटी, या सगळ्यांच्या शरीराला उष्णता सतत लागते आणि वृषणाला ती सोसत नाही. हे डॉक्टरला कळायला हवं, आणि ते विचारायची संधी बहुतेक वेळा आपल्यालाच मिळते.

तारवट्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. आठ-नऊ महिन्यांनी घरी आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात तपासणीला येतो. खूप दिवसांच्या खंडानंतरच्या नमुन्यात साठून राहिलेले, जीर्ण शुक्राणू जास्त असतात आणि डीएनएच्या तुटीचा आकडा फुगलेला दिसू शकतो. त्याला समजावून सांगा, मधे एकदा-दोनदा स्खलन होऊ द्या, मग दोन-तीन दिवसांचा खंड ठेवून नमुना घ्या.

नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यायला सांगा. काणकोणहून किंवा वाळपईच्या आतल्या गावातून डबी घेऊन पणजीला यायचं म्हटलं तर तासाभरात नमुना पोचवायची मर्यादा हटकून ओलांडली जाते. घरूनच आणणार असेल तर डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायला बजावा. मे महिन्यात डिचोलीच्या एका गृहस्थांनी ती स्कूटरच्या डिकीत ठेवून आणली होती. डिकी उघडली तेव्हा प्लास्टिक हाताला चटका देत होतं, आणि नमुन्यात एकही शुक्राणू हलत नव्हता. मी ‘डिकीत ठेवू नका’ असं सांगितलंच नव्हतं. त्यांना परत बोलवावं लागलं. तो माणूस पुन्हा एकदा रजा काढून, पुन्हा तेच अवघडलेपण सोसून आला. तेव्हापासून हे वाक्य मी प्रत्येकाला सांगते, माणूस कितीही शिकलेला असो.

बोलताना दार लावा. बाहेरच्या बाकावर त्यांची आई किंवा सासू बसलेली असते.

३. टेबलावर काय हवं

– साधा सूक्ष्मदर्शक, १०० पटीची ऑइल इमर्शन भिंग असलेला (ॲनिलिन आणि टोल्युइडिनला एवढा पुरतो)
– फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक, ॲक्रिडिन आणि क्रोमोमायसिन करायचं असेल तरच
– सेंट्रिफ्यूज, कॉप्लिन जार, टायमर, हाताने दाबायचा काउंटर
– पीएच मीटर, आणि त्याला रोज लावायची ४ व ७ पीएचची प्रमाण द्रावणं
– ४ अंशांचा फ्रिज, ३७ अंशांचा इनक्युबेटर
– फॉस्फेट बफर सलाइन, ग्लुटराल्डिहाइड, ॲसिटोन, इथेनॉल, मिथेनॉल, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, हायड्रोक्लोरिक ॲसिड, सायट्रिक ॲसिड, डायसोडियम फॉस्फेट, टर्शरी ब्युटेनॉल, झायलीन
– नायट्राइल हातमोजे, आणि हवा ओढणारा हूड

खरेदीतले दोन सापळे लक्षात ठेवा. पहिला, ॲनिलिन ब्लू दोन प्रकारचा मिळतो: पाण्यात विरघळणारा आणि अल्कोहोलमध्ये विरघळणारा. आपल्याला पाण्यातलाच हवा, कलर इंडेक्स ४२७५५. दुकानदार ‘एकच आहे’ म्हणेल, तरी लेबल वाचा.

दुसरा डायसोडियम फॉस्फेटचा. हे कधी निर्जल येतं, कधी दोन रेणू पाण्यासह, कधी बारा. ०.२ मोलरचं एक लिटर करायला निर्जल लागतं २८.४ ग्रॅम, दोन पाण्याचं ३५.६ ग्रॅम आणि बारा पाण्याचं ७१.६ ग्रॅम. झेरॉक्सवर नुसतं ‘२८.४ ग्रॅम’ होतं आणि कपाटात बारा पाण्याची बाटली होती. तीन आठवडे माझा बफर चुकीचा होता.

४. स्मिअर (काचेवर पसरलेला पातळ थर): इथे घाई नको

नमुना ३० ते ६० मिनिटांत पातळ होतो. तोवर हात लावू नका. मग फॉस्फेट बफर सलाइनमध्ये दोनदा धुवा, साधारण ५०० जी वर दहा-दहा मिनिटं. हे धुणं टाळलं तर वीर्यद्रवातली प्रथिनं काचेवर वाळतात, तीही रंग पितात आणि सगळी पार्श्वभूमी निळी होते. धुतल्यावर दाटपणा एका मिलिलिटरला एक-दोन कोटी शुक्राणू इतका आणा. दहा मायक्रोलिटरचा थेंब, पातळ पसरलेला. डोक्यावर डोकं चढलं तर मोजता येत नाही. प्रत्येक रुग्णाच्या निदान तीन काचा करा, एक राखीव.

वाळवणं हा गोव्यातला स्वतंत्र विषय आहे. जुलैत काच पंख्याखाली अर्धा तास ठेवली तरी ओलसरच राहते, आणि हळू वाळलेल्या स्मिअरमध्ये डोकी फुगतात. तेव्हा मोह होतो हॉटप्लेटवर ठेवायचा. अजिबात ठेवू नका. उष्णतेने डीएनएचे पदर स्वतःच सुटतात आणि ॲक्रिडिनखाली निरोगी शुक्राणूही लाल दिसतो. आम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालतो आणि काचा त्यात उभ्या ठेवतो. जेल निळ्याचं गुलाबी झालं की ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळं करायचं. त्याच डब्याच्या शेजारच्या डब्यात भिंगं ठेवा, कारण पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशीची जाळी धरते आणि ती एकदा धरली की सहजी निघत नाही.

५. ॲनिलिन ब्लू: सुरुवात यानेच करा

स्वस्त आहे, साध्या सूक्ष्मदर्शकावर दिसतो आणि काच टिकते. नव्या माणसाने महिनाभर हाच एक रंग करावा असं माझं मत आहे.

अ) वाळलेली काच ३ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये ३० मिनिटं स्थिर (फिक्स) करा. २५ टक्क्यांच्या बाटलीतून १२ मिलिलिटर घ्या, ०.२ मोलरचा, ७.२ पीएचचा फॉस्फेट बफर ८८ मिलिलिटर घाला. हूडखालीच करा, याचा वास डोळ्यांत आणि घशात जातो.

आ) रंग: ४ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये ५ टक्के ॲनिलिन ब्लू, पीएच ३.५. नुसत्या ४ टक्के ॲसिडचा पीएच याहून बराच खाली असतो, म्हणून रंग घालण्याआधीच सोडियम हायड्रॉक्साइडच्या थेंबांनी तो ३.५ वर आणा. रंग घातल्यावर पुन्हा एकदा इलेक्ट्रोड बुडवून खात्री करा आणि लगेच धुवा, नाहीतर निळा थर बसतो. पीएचपट्टीचा इथे उपयोग नाही, ती निळीच होते. द्रावण गाळून घ्या.

इ) ५ ते ७ मिनिटं रंगवा. टायमर लावूनच.

ई) ऊर्ध्वपातित पाण्याने हलकेच धुवा, वाळवा, ऑइल इमर्शनखाली पाहा.

नीट घडीचं डोकं जवळजवळ रंगहीन राहतं, त्यामुळे नवख्या डोळ्याला ते दिसतच नाही. फक्त निळी डोकी मोजली जातात आणि टक्केवारी भलतीच चढते. माझ्या पहिल्या काचेवर मी ७० टक्के मोजले होते. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एका अनुभवी ताईंनी तीच काच पाहिली, कंडेन्सर खाली केला, प्रकाश कमी केला, आणि मला म्हणाल्या, “आता बघ.” निळ्यांच्या मधे काचेच्या मण्यांसारखी फिकट डोकी भरून होती. पुन्हा मोजलं तर २२ टक्के. प्रकाश कमी करून पाहा, किंवा काच नंतर इओसिनच्या हलक्या रंगात बुडवा, म्हणजे फिकट डोकी गुलाबी उठून दिसतात.

काच बरोबर रंगली का हे ओळखायची एक खूण त्याच काचेवर असते. वीर्यात थोड्याफार पांढऱ्या पेशी असतातच. त्यांच्या केंद्रकात हिस्टोन भरलेले असतात, म्हणून ती गडद निळी दिसायलाच हवीत. ती फिकट असतील तर रंग किंवा पीएच बिघडला आहे, त्या काचेवर रिपोर्ट लिहू नका. या गोल पेशी मोजणीत मात्र धरायच्या नाहीत.

अर्धवट निळी डोकी हा वादाचा भाग. नुसतं वरचं टोक निळं, किंवा एक पट्टा निळा. ती कुठल्या गटात धरायची याचा नियम प्रयोगशाळेने एकदाच ठरवावा, लिहून भिंतीवर लावावा आणि कुणी नवा माणूस आला म्हणून बदलू नये.

६. टोल्युइडिन ब्लू: हात बसल्यावर

स्थिर करायला ९६ टक्के इथेनॉल आणि ॲसिटोन समप्रमाणात, ४ अंशांवर ३० मिनिटं किंवा जास्त. मग ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, तेही ४ अंशांवर, ५ मिनिटं. मग ऊर्ध्वपातित पाण्याचे तीन हात, प्रत्येकी दोन मिनिटं. मग ३.५ पीएचच्या मॅकइल्व्हेन बफरमध्ये ०.०५ टक्के रंग, ५ ते १० मिनिटं. किती मिनिटं ते आपल्या बाटलीवर पारखून एकदा ठरवा आणि तेवढीच ठेवा.

बफरसाठी ०.१ मोलर सायट्रिक ॲसिड सुमारे ७० भाग आणि ०.२ मोलर डायसोडियम फॉस्फेट सुमारे ३० भाग, मग मीटरवर नेमका ३.५. रंगासाठी हा बफर पाण्याने निम्मा करून वापरतात. हायड्रोक्लोरिक ॲसिड संहत असतं सुमारे १२ नॉर्मल, म्हणजे लिटरला ८.३ मिलिलिटर. पाण्यात ॲसिड घाला, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

ॲसिडाची पाच मिनिटं म्हणजे पाचच. एकदा मी काचा ॲसिडात सोडल्या आणि लाइट गेली. इन्व्हर्टर चालू करून, सेंट्रिफ्यूज बघून परत येईतो बारा-तेरा मिनिटं झाली होती. त्या दिवशीच्या चारही काचा वांग्यासारख्या जांभळ्या निघाल्या, निरोगी दात्याची धरून. ती निरोगी काच सोबत नसती तर तीन माणसांच्या रिपोर्टवर मी खोटा आकडा लिहिला असता. म्हणून प्रत्येक खेपेला एक माहितीतली काच बरोबर घ्याच. दात्याच्या लेखी संमतीने एका मोठ्या नमुन्याच्या वीस-तीस काचा एकदम स्थिर करून ठेवल्या की वर्षभर पुरतात.

रंगवून झाल्यावर इथेनॉलने पाणी काढू नका, रंग धुऊन जातो. त्यासाठीच ३७ अंशांवरचं टर्शरी ब्युटेनॉल असतं, मग झायलीन, मग कव्हरस्लिप. हे ब्युटेनॉल २५ अंशांच्या आसपास गोठतं. एसी २२ वर ठेवलेल्या खोलीत सकाळी बाटलीत पांढरा खडा दिसेल. बाटली खराब नाही, इनक्युबेटरमध्ये ठेवा, सुटेल.

फिकट निळं ते चांगलं, गडद जांभळं ते बिघडलेलं. मधल्यांची वेगळी नोंद ठेवा.

७. चमकणारे रंग आणि किट

दोन्ही चमकत्या रंगांना काच कार्नॉयमध्ये स्थिर करतात, म्हणजे तीन भाग मिथेनॉल, एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, त्याच दिवशी केलेलं. क्रोमोमायसिन ०.२५ मिलिग्राम प्रति मिलिलिटर, ७ पीएचच्या बफरमध्ये, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडसह, अंधारात २० मिनिटं. मॅग्नेशियम विसरलात तर रंग डीएनएला धरत नाही. हा रंग पेशींना विषारी आहे आणि ॲक्रिडिन डीएनएत शिरतो, म्हणून दोन्हींना हातमोजे न चुकता.

काचेवरच्या ॲक्रिडिनच्या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही. चमक काही मिनिटांत विझत जाते, मधले पिवळे रंग कुणी हिरव्यात धरतं कुणी लालात, आणि काचेचा एक कोपरा दुसऱ्याशी जुळत नाही. फ्लो सायटोमीटर पाच-दहा हजार शुक्राणू एका दमात मोजतो, त्याची गोष्ट वेगळी. तशी मागणी असेल तर नमुना गोठवून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा.

अगरोजच्या जेलीत शुक्राणू बसवून त्यांच्या डोक्याभोवतीची डीएनएची प्रभावळ बघायचं किट हल्ली बरेच जण वापरतात. त्यात एकच चेतावणी: मोठी प्रभावळ म्हणजे चांगला डीएनए, लहान किंवा अजिबात नसलेली म्हणजे तुटलेला. नवखी माणसं हे हमखास उलटं वाचतात.

८. मोजणी

२०० शुक्राणू, वेगवेगळ्या भागांतले, काचेची कड सोडून. जमलं तर दुसऱ्या काचेवर आणखी २००. याचं कारण साधं गणित आहे. २०० मोजून २० टक्के आले तर खरा आकडा साधारण साडेचौदा ते साडेपंचवीसच्या दरम्यान कुठेही असू शकतो. ४०० मोजले तर तो सोळा ते चोवीसमध्ये येतो. म्हणून आधी २४ आणि नंतर १९ आले तर ‘औषधाने फरक पडला’ असं म्हणायची घाई नको, ना तुम्ही, ना डॉक्टरांनी.

दोन काचांत मोठी तफावत आली तर तिसरी, राखीव काच काढा. काचेवर नाव नको, फक्त क्रमांक असू द्या. नाव ओळखीचं निघालं की डोळा नकळत दयाळू होतो.

९. रिपोर्ट लिहिताना

‘ॲनिलिन ब्लूने गडद रंगलेले शुक्राणू ३४ टक्के’ असं लिहा. ‘डीएनए फ्रॅगमेंटेशन ३४ टक्के’ असं लिहू नका. तो प्रश्न आपण विचारलेलाच नाही. रंगाचं नाव, किती पेशी मोजल्या, खंडाचे दिवस आणि आपली प्रयोगशाळा किती टक्क्यांपर्यंत ठीक धरते ती मर्यादा, हे चारही रिपोर्टवर हवं. मर्यादा सगळीकडे एक नाही. ॲनिलिनला कुणी २० टक्के धरतं, कुणी ३०. फ्लो सायटोमीटरच्या डीएफआयला ३० टक्क्यांची रेघ बरीच प्रचलित आहे. ती रेघ उचलून ॲनिलिनच्या आकड्याला लावली जाते, ही मी पाहिलेली सगळ्यात सर्रास चूक.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीतल्या मार्गदर्शिकेत डीएनएच्या तुटीची चाचणी विस्तारित तपासण्यांत आहे आणि क्रोमॅटिनची चाचणी प्रगत तपासण्यांत. म्हणजे या चाचण्या प्रत्येक पुरुषाच्या पहिल्या फेरीत करायच्या नाहीत. वारंवार गर्भपात, व्हेरिकोसील (वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा), उपचार करूनही न राहणारा गर्भ, अशा वेळी त्यांना अर्थ असतो. रुग्ण स्वतःहून ‘सगळ्या टेस्ट करून टाका’ म्हणाला तरी चिठ्ठीशिवाय करू नका.

रिपोर्ट घ्यायला आलेला माणूस आधी डॉक्टरकडे जात नाही, तो तुमच्याकडेच बघतो. मागे पेडण्याकडचा एक तरुण काउंटरवरच कागद उघडून उभा राहिला. बराच वेळ वाचत होता. मग हळूच म्हणाला, “मॅडम, म्हणजे आमका मूल होणारच नाही काय?” मी त्याला आत बसवलं आणि एवढंच सांगितलं, जे माझ्या अधिकारात होतं: हा आकडा मूल होणार की नाही ते सांगत नाही. घडी कच्ची असलेले शुक्राणू जास्त आहेत, एवढंच सांगतो. कारण शोधायचं काम डॉक्टरचं आहे, आणि त्यातली बरीच कारणं, व्हेरिकोसील, जंतुसंसर्ग, तंबाखू, उष्णता, हाताळता येण्यासारखी आहेत. औषधांची नावं तुम्ही सांगू नका. दुकानात अँटिऑक्सिडंटच्या पुड्या मिळतात, त्यांचीही नाही.

१०. फेरतपासणीची तारीख

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात, वर एपिडिडिमिसमधला प्रवास. म्हणून तंबाखू सोडली, ताप येऊन गेला किंवा शस्त्रक्रिया झाली की तीन महिन्यांच्या आधी पुन्हा रंगवून उपयोग नाही. तारीख रिपोर्टवरच लिहून द्या, तोंडी सांगू नका. ती चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात येत असेल तर पुढे ढकला, कुणी येत नाही. तारवटी असेल तर जहाजावर परत कधी चढणार ते आधी विचारा. तीन महिने घरी नसेल तर पुढच्या रजेची तारीख धरा, आणि फॉर्मवर खंडाचा रकाना तेव्हा पुन्हा नव्याने भरा.